गप्प बसणाऱ्याचं काय?

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न रोज पडतो, निदान पडायला हवा. फॉर्ममधली एखादी चौकट कोणी रिकामीच सोडली तर काय धरायचं? "हो" धरायचं की "नाही"? आम्ही त्याला डीफॉल्ट म्हणतो. दिसायला किरकोळ गोष्ट. कोणीतरी शुक्रवारी संध्याकाळी घाईत एका ओळीत उरकलेली असते. पण बहुतेक लोक सेटिंगच्या पानावर आयुष्यात कधी जातच नाहीत. त्यांच्यापुरता त्या एका ओळीचा निर्णयच अखेरचा!

देशात राहण्याच्या हक्काचे कायदे वाचायचा मला गेली काही वर्षं नाद लागलाय. (नादच म्हणायचं, त्यातून मिळत काही नाही.) सरहद्द सरकते, राजवट पडते, एखादा देश संघातून बाहेर पडतो, आणि लाखो लोक काल होते त्याच घरात बसल्या बसल्या वेगळे कोणीतरी होतात. अशा वेळी निघालेल्या कायद्यात मी आधी एकच गोष्ट शोधतो. ज्याने काहीच केलं नाही, अर्ज नाही, सही नाही, चौकशी नाही, त्याचं काय होणार?

आमच्या सुप्यात हे समजावून सांगायला सोपं आहे, कारण वारस नोंद सगळ्यांना ठाऊक असते. बाप गेला की जमिनीतला मुलामुलींचा हक्क कायद्यानेच, त्याच क्षणी तयार होतो. मग तलाठ्याकडे अर्ज, फेरफार, सातबाऱ्यावर नाव वगैरे. पण ती नोंद म्हणजे हक्काचा पुरावा, हक्काचा जन्म नव्हे. नोंद राहून गेली म्हणून बहिणीचा हिस्सा जात नाही. (भाऊ तसं भासवतात, तो भाग वेगळा.) आता उलटा कायदा कल्पून बघा: "वडील गेल्यापासून तीन महिन्यांत अर्ज न केल्यास हिस्सा संपला." अर्ज तोच, तलाठी तोच, कागदही तेच. फरक कळतो फक्त गप्प बसलेल्या बहिणीला.

याचं एक कडू उदाहरण सुप्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. नगर. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण जुनी गोष्ट सांगताना जुनंच नाव तोंडात येतं.) ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध जाहीर झालं आणि हिंदुस्थानात असलेल्या जर्मन पुरुषांना पकडून नगरच्या छावणीत आणायला सुरुवात झाली. नंगा पर्वताच्या मोहिमेवर आलेला आणि कराचीत अडकलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर, पुढे 'सेव्हन इयर्स इन तिबेट' लिहिणारा, तोही यांत होता. त्याच तारेच्या कुंपणात नाझी पक्षाचे सभासद होते आणि हिटलरपासून जीव वाचवून पळून आलेले ज्यूही होते! ज्यूंच्या पासपोर्टवर हिटलरच्या सरकारने १९३८ पासून लाल 'जे' अक्षर मारलं होतं. तिकडे ते जर्मन म्हणून नकोसे होते. इकडे तोच पासपोर्ट पाहून ते शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. मग एक चौकशी समिती बसली, एकेकाला बोलावून विचारपूस झाली आणि पुष्कळ ज्यू निर्वासित सुटले. १९४० मध्ये युद्धाचं पारडं फिरल्यावर त्यांतले काही पुन्हा आत गेले.

इथे डीफॉल्ट होता "आत". बाहेर यायचं तर आपण धोकादायक नाही हे ज्याचं त्याने पटवून द्यायचं.

या सगळ्या काळाचं गाठोडं म्हणजे १९४६ चा परकीय नागरिक कायदा. तो इंग्रजांनी केला आणि जाताना मागे ठेवला. आपण परकीय नाही हे सिद्ध करायचं ओझं त्यात सरकारवर नाही, त्या माणसावर आहे. पुढे हाच कायदा गोव्यात कामाला आला, आणि गोव्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोव्यातली पोर्तुगीज राजवट संपली. तिथले लोक आदल्या दिवशीपर्यंत पोर्तुगालचे नागरिक. आता कोण? भारत सरकारने मार्च १९६२ मध्ये नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी तुम्ही स्वतः, किंवा तुमच्या आईवडिलांपैकी कोणी, किंवा आजी-आजोबांपैकी कोणीही गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलं असेल, तर त्या दिवसापासून तुम्ही भारतीय. अर्ज नको, फी नको. ज्याला पोर्तुगीजच राहायचं असेल त्याने एक महिन्यात तसं लेखी कळवायचं.

मला हा आदेश आवडतो. पेडण्यातल्या एखाद्या म्हातारीला गॅझेट म्हणजे काय हे माहीत नसलं तरी तिचं काही बिघडलं नाही. ती झोपेतच भारतीय झाली. १९६३ च्या डिसेंबरात गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली तेव्हा तिला मतही देता आलं असणार. गप्प बसणाऱ्याला कायद्याने सांभाळून घेतलं.

पण ज्याने तोंड उघडलं त्याचं काय? फादर मोंतेरो या गोव्यात जन्मलेल्या धर्मगुरूने मुदतीत कळवलं की मी पोर्तुगीजच राहतो. झालं, ते परकीय ठरले. त्यांना १९६४ च्या नोव्हेंबरपर्यंत राहण्याची परवानगी मिळाली. पुढे त्यांनी मुदतवाढ मागितली नाही आणि देशही सोडला नाही. १९४६ च्याच कायद्याखाली खटला होऊन ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड झाला. त्यांचं म्हणणं, हा व्यापलेला प्रदेश आहे, जिनिव्हा कराराचं संरक्षण मला आहे, मला घालवता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९६९ मध्ये हे फेटाळलं. गोवा आता भारतात विलीन आहे, व्याप्ती संपलेली आहे, आणि परकीय राहणं तुम्ही स्वतः निवडलंत. कायद्याच्या दृष्टीने तर्क बिनचूक आहे. पण माणूस जन्मला त्याच भूमीत राहण्यासाठी त्याला परवाना लागला, ही गोष्ट वाचताना घशात अडकते.

बरं, गोष्ट इथे संपत नाही. लिस्बनच्या दप्तरात याच लोकांची वेगळी नोंद होती. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते तिथली हुकूमशाही पडल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. पण १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल जन्माने आपलेच नागरिक मानत राहिला. त्यांनी जन्माची नोंद लिस्बनला करून घेतली की नागरिकत्व कागदावर येतं, आणि मग मुलानातवंडांनाही वाट मिळते. म्हणजे एकच माणूस, दोन डेटाबेस, दोन्हीकडे डीफॉल्ट वेगळे! १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि त्या जुन्या जन्मदाखल्याची किंमत एकदम वाढली. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे ब्रिटनमध्ये व्हिसाशिवाय नोकरी. सासष्टी-बार्देशातली कितीतरी घरं अशी साउथॉलला, स्विंडनला गेली. बदल्यात भारतीय नागरिकत्व गेलं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मत देता येत नाही की शेतजमीन विकत घेता येत नाही.

आणि मग २३ जून २०१६ ला ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. गोव्याच्या या माणसांवर दुसऱ्यांदा तीच वेळ आली. आपण जागचे हललो नाही, आपल्या पायाखालचं राज्य हललं.

संघ आणि ब्रिटन यांच्यातल्या करारात आधीपासून राहणाऱ्यांचे हक्क राखायचं ठरलं होतं. पण कसे राखायचे, याचे दोन रस्ते प्रत्येक देशाला मोकळे ठेवले होते. एक म्हणजे आमच्या वारस नोंदीसारखा: हक्क कायद्याने आहेच, कागद फक्त पुराव्याला. जर्मनी, स्पेन, इटली आणि खुद्द पोर्तुगालने आपल्याकडच्या ब्रिटिशांसाठी हा घेतला. दुसरा रस्ता म्हणजे अर्ज करा, मंजूर झाला तरच हक्क. ब्रिटनने हा घेतला, फ्रान्स आणि नेदरलँड्सनेही. ब्रिटनमध्ये अर्जाची शेवटची तारीख होती ३० जून २०२१. पाच वर्षं झालेल्यांना कायमचा दर्जा, कमी असतील तर तात्पुरता.

माझ्या एका गोंयकार सहकाऱ्याची मावशी स्विंडनला गोदामात काम करते. तिचं म्हणणं, "आम्ही तर टॅक्स भरतो, त्यांना माहीतच आहे की आम्ही इथे आहोत!" साधी माणसं असंच धरून चालतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर आहे. अर्जाचं अ‍ॅप पासपोर्टमधली चिप वाचायचं, पण सुरुवातीला ते फक्त अँड्रॉइडवर चालत होतं. आयफोनवर आलं ते २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये. मावशीचा अर्ज भाच्याने रात्री व्हिडिओ कॉलवर बसून भरून घेतला. ज्यांना असा भाचा नव्हता त्यांचं काय, हा प्रश्न त्याने मला विचारला आणि दोघंही गप्प बसलो.

मुदत संपेपर्यंत ६० लाखांहून जास्त अर्ज आले. सरकारचे आधीचे अंदाज याच्या बरेच खाली होते. म्हणजे टेबलात रांगा किती आहेत हेच ठाऊक नाही, आणि नियम असा की जो रांगेत सापडणार नाही त्याचा हक्क पुसायचा! आमच्याकडे कोणी असा कोड रिव्ह्यूला आणला तर त्याला परत पाठवतील. उशिराचे अर्ज सबळ कारण असेल तर घ्यायची सोय होती, हे खरं. पण सबळ काय हे ठरवणारा पुन्हा टेबलापलीकडचा.

दुसरी बाजूही नीट मांडायला हवी. ब्रिटिश सरकार म्हणत होतं, अर्जाशिवाय हक्क दिला तर विंडरशसारखं होईल. हा मुद्दा हलका नाही. जुन्या वसाहतींमधून १९७३ पूर्वी ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झालेल्यांना राहण्याचा हक्क कायद्याने आपोआप होता. पण हातात कागद नव्हता. पुढे नियम कडक झाले, मालक आणि घरमालक कागद मागू लागले, आणि बोटीतून उतरतानाची त्यांची जुनी कार्डं तर सरकारनेच २०१० मध्ये नष्ट केली होती. ज्यांचा हक्क शंभर टक्के होता अशांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर काढलं गेलं. २०१८ मध्ये हे सगळं उघड झालं.

तेव्हा नुसता आपोआप हक्क पुरत नाही, कागद हवाच. पण कागद हवा म्हणून हक्कच कागदावर टांगायचा, हे कुठलं उत्तर? वारस नोंदीची मोहीम काढा, घरोघरी जाऊन सातबारे दुरुस्त करा. हिस्सा मात्र जिथे आहे तिथेच राहू द्या.

गंमत म्हणजे ब्रिटनलाही शेवटी अर्ध्या रस्त्यात इथेच यावं लागलं. तात्पुरता दर्जा मिळालेल्याने ठरलेल्या मुदतीत दुसरा अर्ज केला नाही तर त्याचा हक्क संपेल, असा नियम होता. डिसेंबर २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की हे करारात बसत नाही. एकदा मिळालेला हक्क केवळ दुसरा फॉर्म भरला नाही म्हणून जात नाही. मग सप्टेंबर २०२३ पासून सरकारने मुदती स्वतःहून वाढवायला सुरुवात केली, आणि २०२५ पासून पात्र लोकांना कर वगैरेच्या नोंदी तपासून आपणहून कायमचा दर्जा द्यायला घेतला. म्हणजे मावशी म्हणत होती तेच! त्यांना माहीतच होतं की ही माणसं इथे आहेत.

आपल्याकडे १९४६ चा तो कायदाही आता गेला. १ सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर आणि परकीय नागरिक असा नवा कायदा लागू झाला, जुने चार कायदे त्याने मोडीत काढले. सिद्ध करायचं ओझं मात्र होतं तिथेच आहे, माणसाच्या खांद्यावर.

असो. मी वकील नाही, पण फॉर्म बनवण्यात बरीच वर्षं गेलीत. कुठल्याही देशात असा कायदा निघाला की बातमीत "शेवटची तारीख" ठळक छापतात. आपल्या ओळखीतलं कोणी त्यात अडकलं असेल तर त्याचा अर्ज जरूर आणि वेळेत भरून द्या. पण तारखेच्या पुढचं वाक्यही वाचा. मुदत टळली तर काय, ते तिथे लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. ते वाक्य ज्यांच्यासाठी असतं त्यांतलं कोणी ते वाचायला येणार नाही. म्हणून ते आपण वाचायचं, आणि अजून मसुदाच असेल तर भांडायचं तेही त्याच वाक्यावर.