ऐकून तर पाहा!

शिफारस हा शब्द आपल्याकडे विनाकारण बदनाम झालेला आहे. शिफारस म्हटली की लोकांना नोकरी आठवते, बदली आठवते, नाहीतर साहेबांच्या नावाने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी आठवते. मालात काहीतरी खोट असल्याशिवाय शिफारस लागतच नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. मी मात्र गेली चाळीस वर्षे देवळीसारख्या गावात बसून अत्यंत निर्मळ मनाने शिफारशी करत आलो आहे. आणि त्याही अशा लोकांच्या, ज्यांना मी जन्मात पाहिलेलं नाही आणि ज्यांना देवळी नकाशावर दाखवता येणार नाही. मी गाण्यांची शिफारस करतो. त्यातही कोणी न ऐकलेल्या गाण्यांची.

ऐकलेल्या गाण्यांची शिफारस करण्यात काही पुरुषार्थ नाही. लताबाईंचं गाणं चांगलं आहे हे दुसऱ्याला सांगणं म्हणजे पुरणपोळी गोड असते अशी बातमी देण्यासारखं आहे. खरी कसोटी लागते ती तुम्ही एखाद्या चांगल्या, जेवून तृप्त झालेल्या गृहस्थाला धरून म्हणता, ‘‘बसा पाच मिनिटं, एक मल्याळी रॉक ऐकवतो,’’ तेव्हा. त्या गृहस्थाला त्याच क्षणी शेतावर ओलिताची पाळी असल्याचं आठवतं.

आता देवळी म्हणजे वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्यावर सतरा-अठरा किलोमीटर. कापूस, सोयाबीन आणि कुस्ती यांत गावाचा शब्द शेवटचा. गाण्याच्या बाबतीत लग्नाचा बँड, गणपतीतला लाऊडस्पीकर आणि भजन एवढ्यावर गाव समाधानी. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली तेव्हा आम्ही आगगाडी दारात पाहिली. त्याआधी जे काय यायचं ते एसटीनं. माझ्या कॅसेटीही एसटीनंच आल्या. नागपूरला सीताबर्डीवर कॅसेट घ्यायची, रुमालात गुंडाळायची आणि धक्के खात घरी आणायची. एवढ्या हालांतून आणलेली वस्तू माणूस एकटा कसा काय ऐकणार?

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बसस्टँडजवळचा पानठेलेवाला. त्यानं एकदा खर्रा घोटता घोटता मला मुद्द्याचा प्रश्न विचारला.

‘‘सर, तुम्ही हे इंडी इंडी म्हणून राहिले, ते काय असते जी?’’

मी त्याला सांगितलं की इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मोठी कंपनी पाठीशी नाही, सिनेमा पाठीशी नाही. चार जणांनी जमायचं, पदरच्या पैशानं वाद्यं घ्यायची, स्वतःच गाणी करायची, स्वतःच वाजवायची आणि ऐकायला कोणी आलं तर आनंद मानायचा.

त्यानं सुपारीवर एक शेवटचा हात फिरवला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे भजनी मंडळ!’’

इंडी संगीतावर इंग्रजीत बरंच लिहून आलेलं आहे, पण इतकी नेमकी व्याख्या माझ्या वाचनात नाही. आमच्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी गावोगाव नेली. खंजिरीला वीज लागत नाही, स्टुडिओ लागत नाही, मॅनेजर तर नाहीच नाही. फक्त चहा लागतो, आणि तोही मंडळातलाच कोणीतरी पाजतो. या हिशेबानं पाहिलं तर वर्धा जिल्ह्याइतकी इंडी बँडची दाटी लंडनमध्येही नसेल.

तर आता शिफारशींकडे वळतो. वाचकांना शेताची आठवण होण्याआधी.

पहिली शिफारस कलकत्त्याची. ‘मोहीनेर घोरागुली’, म्हणजे मोहीनचे घोडे. जीवनानंद दास यांच्या कवितेतून उचललेलं नाव. १९७५ मध्ये गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या मित्रांनी हा बँड काढला. बाऊल गाणं, जॅझ, पाश्चात्त्य गिटार आणि कलकत्त्याच्या रस्त्यावरची रोजची भाषा असं सगळं त्यांनी एका पातेल्यात शिजवलं. १९७७ मध्ये पहिली तबकडी आली, पाठोपाठ आणखी दोन आल्या, आणि ऐंशीच्या दशकाच्या तोंडाशी घोडे पांगले. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. मग १९९५ मध्ये गौतमबाबूंनी नव्या मुलांना हाताशी धरून एक कॅसेट काढली. तिच्या नावाचा अर्थ ‘पुन्हा वीस वर्षांनी’. आणि या वेळी सारा बंगाल ऐकायला लागला. माझ्याकडे ती नागपूरच्या एका बंगाली स्नेह्यामार्फत आली. मी ती शेजाऱ्यांना ऐकवली. ते बराच वेळ गंभीर बसले आणि म्हणाले, ‘‘समजून तर काहीच नाही राहिलं, पण वाईट नाही वाटून राहिलं.’’ आमच्याकडे ही बरीच वरची श्रेणी आहे.

दुसरी शिफारस मुंबईची. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे गृहस्थ. म्हणजे ज्यांचं वाजवणं सगळ्या देशानं ऐकलं आणि नाव कोणी विचारलं नाही, अशा जमातीतले. १९८२ मध्ये त्यांनी जपानी कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं समोर मांडली आणि त्यांवर भैरव, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. त्यांतलं एक यंत्र मुळात एकट्या गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून काढलेलं होतं. ते खपेना, म्हणून कंपनीनं १९८४ मध्ये बंदच केलं. पुढे शिकागोच्या पोरांनी तीच यंत्रं सेकंडहँड घेतली, कान पिळल्यासारखी त्यांची बटणं पिळली आणि १९८७ च्या सुमारास ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं एक नवं संगीत जगाला दिलं. ते ऐकून पाश्चात्त्य जग नाचत असताना मुंबईच्या सरदारजींनी तसलाच प्रकार पाच वर्षांपूर्वी, तोही रागात बांधून, करून ठेवला होता हे कोणाच्या गावीही नव्हतं. तबकडी कंपनीनं काढली, पण ती खपली नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये त्यानं ती पुन्हा काढली, आणि सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपातल्या तरुण पोरांपुढे वाजवायला गेले. २०१५ मध्ये ते वारले.

हा भैरव मी घरी मोबाईलवर लावला तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘‘अहो, ते बंद करा. कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीयेत!’’ मी बंद केलं. संगीताचा इतिहास थांबू शकतो, वरण थांबू शकत नाही.

तिसरी शिफारस रूपा बिस्वास या बंगाली गायिकेची. १९८२ मध्येच कॅनडातल्या कॅलगरी गावी तिनं एक रेकॉर्ड केली, ‘डिस्को जॅझ’. साथीला सरोदवर अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव आशिष खाँ. फक्त चार गाणी, त्यांतल्या एकाचं नाव ‘आज शनिबार’. रेकॉर्ड भारतात निघाली आणि पडली. बाई संसाराला लागल्या. आणि कित्येक वर्षांनी त्यांच्या मुलाला इंटरनेटवर पत्ता लागला की आपल्या आईचं गाणं परदेशातली माणसं वेड्यासारखी ऐकताहेत आणि त्या जुन्या तबकडीला भलतीच किंमत देताहेत. २०१९ मध्ये शिकागोच्या कंपनीनं ती रीतसर पुन्हा काढली. मधे गेली सदतीस वर्षं. या सदतीस वर्षांत त्या गाण्यात एका मात्रेचाही फरक पडलेला नव्हता. फक्त कोणी कोणाला ‘ऐकून तर पाहा’ म्हटलं नव्हतं.

याशिवाय केरळचा ‘अवियल’, ज्यानं नावच भाजीचं घेतलं आणि २००८ च्या आल्बमात मल्याळीत खणखणीत रॉक केलं. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चा २००० सालचा ‘कंदिसा’, ज्यात एक जुनी सिरियन ख्रिस्ती प्रार्थनाही आहे आणि नर्मदेचं गाणंही. आणि आपल्या मुंबईची ‘अभंग रिपोस्ट’ मंडळी, जी गिटारच्या साथीनं तुकोबांकडे जातात. ही शेवटची शिफारस मी भजनी मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांना केली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, ‘‘पोरं गातात चांगली. पण टाळ कोण घेतला नाही जी?’’

एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर मला ऐकणाऱ्यांचा स्वभाव कळू लागला आहे. शिफारस करणारा गाणं ऐकतच नसतो. तो ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत असतो. त्यामुळे काही धूर्त लोक लागलीच डोळे मिटून घेतात. समाधी लागली की झोप, हे बाहेरून कळायला मार्ग उरत नाही. काही जण दुसऱ्याच मिनिटाला ‘छान आहे’ म्हणतात. ‘छान आहे’ याचा आमच्याकडचा अर्थ ‘बंद करा’ असा आहे. खरी पावती एकच. ‘पुन्हा लावा.’ चाळीस वर्षांत ती मला मोजून सात-आठ वेळा मिळाली असेल.

हल्ली मोबाईलही शिफारस करतो. पण तो तुमच्या तोंडाकडे पाहत नाही. नाही आवडलं तर त्याला वाईट वाटत नाही, आणि आवडलं तर तो रात्रभर आनंदानं कूस बदलत नाही. ज्याला वाईट वाटायची तयारी नाही त्याच्या शिफारशीला मी शिफारस म्हणत नाही. ती जाहिरात.

शिफारस फळली की आणखी एक दुःख वाट्याला येतं. एकदा मी कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याला त्या बंगाली घोड्यांचं ‘पृथिबी’ ऐकवायला बसलो. पहिल्या दोन सुरांतच तो म्हणाला, ‘‘काका, हे तर ‘गँगस्टर’मधलं ‘भीगी भीगी’!’’ २००६ च्या सिनेमात ती चाल आली आणि देशभर वाजली होती. मी दहा वर्षं जिवापाड जपलेली वस्तू पानठेल्यावर लागलेली. क्षणभर वाटलं, कोणाला कळलंच नसतं तर बरं होतं. पण चरणजित सिंग आठवले की हा हट्ट टिकत नाही.

आणि माझ्याकडची एक कॅसेट आठवली की तर मुळीच नाही. १९८६ ची. एका एकादशीला टू-इन-वन मध्ये ठेवून केलेलं गावातलंच खंजिरी भजन. गाणारे बुवा दिवसा जिनात कापसाच्या गाठी उचलायचे. मधेच कुत्रं भुंकतं, मधेच कोणीतरी ‘चहा आला’ म्हणतं, आणि त्या सगळ्याच्या वर बुवांचा आवाज असा चढतो की चहा निवतो. बुवा जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचा एवढाच आवाज जगात शिल्लक आहे, तोही साठ मिनिटांच्या फितीवर. आमच्या दिल्लीत डच माणूस येतो, देवळीत येणार नाही. म्हणून मी ती मोबाईलवर उतरवून घेतली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागलो. पुण्याला कारखान्यात असलेला बुवांचा नातू दिवाळीला आला होता, त्यालाही ऐकवली. तो मान खाली घालून बसला होता, त्यामुळे तोंड दिसलं नाही. संपल्यावर म्हणाला, ‘‘आबाजी असे गात होते? घरी कोणी सांगितलंच नाही.’’ आणि मग, ‘‘पुन्हा लावा ना, सर.’’

या धंद्यात अधूनमधून बाजू उलटतेही. गेल्या महिन्यात आमचे ते शेजारी, वीस वर्षं माझ्या शिफारशींना मुकाट्याने सामोरे गेलेले, संध्याकाळी स्वतःच मोबाईल घेऊन आले. ‘‘सर, एक आयकून पाहा,’’ म्हणाले. गडचिरोलीकडच्या कोण्या पोरांनी ढोलावर काहीतरी केलं होतं, त्यांच्या भाच्यानं पाठवलेलं. त्यांनी ते लावलं, खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बसले. दुसऱ्याच्या नजरेखाली गाणं ऐकणं हे काय प्रकरण असतं ते मला तेव्हा कळलं. चेहऱ्याचं काय करावं सुचेना, म्हणून मी डोळे मिटून घेतले. ढोल मात्र हळूहळू अंगात शिरत गेला, आणि थांबला तेव्हा काही वेळ मी तसाच राहिलो.

‘‘झोपले का जी सर?’’ शेजाऱ्यांनी काळजीच्या स्वरात विचारलं.

‘‘नाही,’’ मी म्हटलं, ‘‘पुन्हा लावा.’’