नायकाची आई

पडद्यावर पंढरीबाई दिसल्या की माझी आत्या म्हणायची, "आली आपली पंढरी." आत्याचं सगळं आयुष्य बंगळुरूच्या कॉटनपेटेत गेलं, आणि नावात पंढरी असलेली बाई मराठीच असणार याबद्दल तिला शंका नव्हती. पंढरीबाई होत्या भटकळच्या. पण १९५५ साली त्यांनी कन्नड 'संत सक्कू'त काम केलं, म्हणजे आपल्या कराडच्या सखूची गोष्ट, आणि तेवढ्यावर आत्याचा दावा पक्का झाला.

१९५२ साली 'पराशक्ती'तून शिवाजी गणेशन पडद्यावर आले. १९५४ साली 'बेडर कण्णप्पा'तून राजकुमार नायक झाले. तमिळ आणि कन्नड पडद्यावरच्या या दोन्ही बड्यांची पहिली नायिका एकच, पंढरीबाई. त्याच १९५४ सालच्या 'अंद नाळ'मध्ये एकही गाणं नाही. त्यात देशाची गुपितं शत्रूला विकणाऱ्या नवऱ्यावर गोळी झाडणारी बायको त्यांनी केली. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम तेच.

पुढे त्या आई झाल्या. किती सिनेमांत, याचे आकडे लोक हजारापर्यंत फुगवतात. मी त्या भानगडीत पडत नाही. १९८६चा 'अनुराग अरळितु' पुरेसा आहे. त्यात राजकुमार नायक, शेजारी माधवी आणि गीता, आणि त्यांची आई पंढरीबाई. दोघं जवळपास एका वयाची. बत्तीस वर्षांत त्याचं वय पुढे सरकलं नव्हतं, हिचं मात्र दोघांच्या वाटचं सरकलं होतं. हॉलिवूडमध्ये ब्यूला बाँडी चार सिनेमांत जेम्स स्ट्युअर्टची आई झाली, पण ती त्याच्याहून निदान वीसेक वर्षांनी मोठी तरी होती.

या सिनेमाचा तमिळ अवतार म्हणजे १९९२चा 'मन्नन'. आजारी आई पुन्हा पंढरीबाईच, मुलगा रजनीकांत. म्हणजे बंगळुरूच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, ज्याची आई तो लहान असतानाच गेली. आत्याला तमिळ ओ की ठो कळत नसे. तरी आईचं ते गाणं लागलं की तिचं मशीन थांबायचं.

अशा भूमिकेला वाक्यं फारशी नसतात. बोलतो तो मुलगा, ती ऐकते. पण पंढरीबाई ऐकताना नीट पाहावं. त्या रडायची घाई करत नाहीत. आधी समोरच्याचं बोलणं पूर्ण पोचू देतात, मग डोळे हलतात. नायकाचा प्रसंग उभा राहतो तो या ऐकण्यावर, आणि टाळ्या त्याला पडतात.

आत्या ब्लाउज शिवायची. हात इतका साफ, की लग्नसराईत चिकपेटेतून बायका यायच्या. तिच्या कमाईवर दोन मुलं शिकली. पण गल्लीत कुणी तिला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. मराठी बायका थोरल्याची आई म्हणत, कन्नड बायका 'टेलर अम्मा'. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती, निदान बोलून दाखवलेली तरी.

एका रविवारी टीव्हीवर 'बेडर कण्णप्पा' लागला. मधल्या जाहिरातींत तिने चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, मागच्या महिन्यात पाहिलं त्यात ही त्याची आई होती ना?"

"हो."

"आणि तो?"

"तो हीरो."

"तेव्हापण?"

मी मान डोलावली. तिने दोरा दाताने तोडला आणि मला आवाज वाढवायला सांगितला.