आमचे पाहुणे

शनिवारी सकाळची शाळा सुटली. घरी येऊन बघतो तर येवल्याची आजी आणि मामाचा बंडू आलेले! मी म्हटलं, "उद्या तुम्हाला नाशिक दाखवतो."

आधी पांडवलेणी. आजी पायथ्यालाच बसली. लेणी २४ आहेत. नाव पांडवांचं, पण ती बौद्ध भिक्षूंची, असं गुरुजींनी सांगितलंय. मग गंगेवर गेलो. रामकुंडावर बंडू घसरला, चड्डी भिजली.

शेवटी काळाराम मंदिर. आजी दारापाशीच थांबली. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं सत्याग्रह सुरू केला, तेव्हा तिचे वडील बंद दारापुढं बसले होते.

"आजी, चल ना आत."

"तुम्ही या जाऊन. मी बसते जरा."

मीपण तिच्याजवळ बसलो. बंडू तेवढा आत जाऊन आला.

— इयत्ता चौथी