समोरासमोर

कृष्णा आणि कोयना, दोघींचा उगम महाबळेश्वराच्या डोंगरातला. कृष्णा वाईच्या अंगानं खाली येते. कोयना सह्याद्रीला धरून दक्षिणेकडं निघून जाते, हेळवाकाला वळते, पाटणवरून कराडला पोचते. प्रीतिसंगमावर या दोघी एकमेकींत हळूच शिरत नाहीत. समोरासमोर येऊन थडकतात आणि मगच मिळून पूर्वेला वळतात. भूगोलाच्या तासाला सर हे फळ्यावर काढत होते तेव्हा तो मागच्या बाकावरून माझ्या कॉलरवर शाई शिंपडत होता.

आमचं वैर शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तो मला ‘बायल्या’ म्हणायचा, मी त्याचे गणिताचे मार्क वर्गभर ऐकवायचो. कबड्डीत मी चढाईला गेलो की बाकीची पोरं मागं सरायची. मला धरायचं काम त्याचं. तो घोटा पकडायचा. मी मध्यरेषेकडं हात ताणत राहायचो, तोंडानं दम चालूच, आणि मातीत, घामात, दम तुटेपर्यंत आम्ही झटत असू. शिट्टी वाजल्यावरही घोट्यावरची त्याची बोटं लगेच सुटत नसत. मीही पाय ओढून घेत नसे.

आमच्याकडं पोरांना एकमेकांच्या अंगाला हात लावायच्या दोनच वाटा मोकळ्या: गळ्यात गळा घालून फिरणं, नाहीतर मारामारी. पहिली आम्हाला झेपणारी नव्हती. दोस्तीत लाड येतात, आणि लाडात माणूस सापडतो. मारामारीत मात्र कोण कुणाकडं किती वेळ बघत होतं, हे कुणी विचारत नाही. म्हणून त्या ‘बायल्या’ला मी आज गोड म्हणणार नाही. तो शब्द लागायचा, लागावा म्हणूनच यायचा. त्यानंही कधी ‘गंमत होती रे’ असं म्हटलेलं नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवतो.

शाळा संपली, मी पुण्याला गेलो. तो गावातच राहिला, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात.

११ डिसेंबर ही आमच्या भागात भूकंपाची तारीख. १९६७ साली त्या दिवशी पहाटे कोयनानगर हादरलं. माझी आजी पाटणकडची. त्या तारखेला ती उजाडायच्या आत उठून बसायची. २०१३ साली नेमक्या त्याच तारखेला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवला आणि कलम ३७७ पुन्हा आमच्या मानेवर आलं. संध्याकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर, आवाज मात्र लगेच ओळखला. ‘टीव्ही बघितलास?’ एवढंच म्हणाला. कशाबद्दल, असं मी विचारलं नाही. मला त्यानं नाव ठेवलं होतं ते उगाच नाही. ज्याचं त्यालाच कळतं. मग बराच वेळ आम्ही पावसावर आणि उसाच्या दरावर बोललो.

६ सप्टेंबर २०१८ ला ते कलम आमच्यापुरतं गेलं, तेव्हा त्यानं दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाइकांना सांगितलं, नवा कॉम्प्रेसर घेतलाय.

तोवर मी कराडला परतलो होतो. आणि इथं एक मजा झाली, जी आम्ही ठरवूनही जमवली नसती. जुनं वैरच आमचा आडोसा झालं. एका मोटरसायकलवर फिरतो, संगमावर भेळ खातो, रात्री उशिरापर्यंत त्याच्या माडीवर असतो. लोक कौतुकानं बघतात. जुने सर कुठल्याशा समारंभात आमचा दाखला देतात: एकमेकांची डोकी फोडायला निघालेली पोरं, आता बघा कशी भावासारखी! लहानपणापासून गोडीगुलाबीत असतो, तर एव्हाना चार भुवया वर गेल्या असत्या. हा आडोसा मला आवडतो असं नाही. गावाच्या डोळ्यांदेखत राहायचं आणि गावाला दिसायचं नाही, याचा शीण येतो. पण पुण्यातल्या बंद फ्लॅटपेक्षा इथली उघडी माडी मला जवळची वाटते, हेही खरं.

२०२५ मध्ये ‘साबर बोंडं’ थिएटरात लागला. रोहन परशुराम कानवडे यांचा मराठी सिनेमा, सनडान्स महोत्सवात मोठं पारितोषिक घेऊन आलेला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला एक जण आणि त्याचा लहानपणचा मित्र. आम्ही तो पुण्यात जाऊन बघितला. बाहेर पडल्यावर हा म्हणाला, ‘बरंय त्यांचं. आधी भांडण मिटवायचं काम नव्हतं.’

२०२३ च्या ऑक्टोबरात न्यायालयानं आम्हाला लग्नाचा हक्क नाकारला. त्याच्या आईनं मात्र आमच्या लग्नाचा ध्यास सोडलेला नाही. परवा या मावशींनी मला स्वयंपाकघरात बोलावून बायोडेटांचा गठ्ठा हातात दिला. ‘तू सांग त्याला. तुझंच ऐकतो तो. आणि तुझंही वय बसून राहिलंय का? दोघांचं एकाच मांडवात उरकून टाकू.’

दारातून हा म्हणाला, ‘चालंल की, आई. मी कधीचा तयार आहे.’

मावशींना एवढा आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथं कार्यालयवाल्याला फोन लावला.