देवमाशाचं गाव

बाली म्हटलं की हनिमून पॅकेज, बीच क्लब आणि भाताच्या खाचरांवरचा तो फेमस झोपाळा. इंडोनेशियात सतरा हजारांच्या आसपास बेटं आहेत आणि आपण सगळे त्याच एका बेटावर जाऊन त्याच झोपाळ्यावर फोटो काढून येतो! मी यंदा नकाशावर बोट जरा पूर्वेकडं सरकवलं. लोंबोक, सुंबावा, फ्लोरेस आणि त्यापलीकडं लेंबाता. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर लमालेरा नावाचं दीड-दोन हजार वस्तीचं गाव आहे. हे गाव चालतं देवमाशावर. होय, व्हेलवर.

लेवोलेबा हे इथलं जिल्ह्याचं गाव. तिथून लाकडी बाकांच्या ट्रकमधून निघायचं. अंतर फार नाही, पण रस्ता असा की सगळी हाडं मोजून होतात. माझ्या एका बाजूला तांदळाचं पोतं, दुसऱ्या बाजूला पाय बांधलेल्या कोंबड्या आणि समोर 'इंडिया?' म्हणताच 'शाहरुख खान!' म्हणणारी तीन पोरं. तेवढ्यावर आमची दोस्ती झाली. इकडं वयानं मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात. होमस्टेच्या मालकीणबाईंना 'मामा' अशी हाक मारताना दोन दिवस माझी जीभ अडखळत होती.

ट्रकमधून उतरल्यावर आधी जाणवतो तो वास. बांबूच्या काठ्यांवर मांसाच्या काळपट पट्ट्या वाळत असतात, त्यातून तेल ठिबकतं आणि खाली ते जमा करायला पन्हळ लावलेली असते. नाकाला सवय व्हायला एक दिवस लागतो. मग वाळूवरच्या पानांनी शाकारलेल्या शेडकडं लक्ष जातं. प्रत्येक शेडमध्ये एक होडी. हिला म्हणतात पेलेदांग. अख्ख्या होडीत लोखंडाचा एकही खिळा नाही, फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या. शीडसुद्धा ताडाच्या जातीतल्या झाडाच्या पानांचं विणलेलं. होडी एकट्या माणसाची नसते, कुळाची असते. फळी कुजली की बदलायची, पण होडीचं नाव तेच राहतं, आणि गावकऱ्यांच्या मते तिचा जीवही तोच. पणजोबांची होडी आणि आजची होडी एकच, मग तिच्यातली एकही फळी जुनी नसली तरी चालेल.

नाळेवर बांबूचा एक छोटा फलाट पुढं आलेला असतो. त्यावर उभा राहतो लमाफा, म्हणजे भालेवाला. देवमासा टप्प्यात आला की हा माणूस लांबलचक बांबूला लावलेला भाला घेऊन चक्क उडी मारतो. हातानं फेकलेला भाला जाड कातडीत पुरेसा घुसत नाही, म्हणून स्वतःचं सगळं वजन त्यामागं टाकायचं. स्पर्म व्हेलचा मोठा नर सोळा मीटरपर्यंत लांब असतो, वजन चाळीस टनांच्या पुढं. तो शेपटीचा एक फटका मारून होडीचं सरपण करू शकतो, किंवा दोर ओढत होडीलाच खोल समुद्रात घेऊन जातो. 1994 मध्ये तसंच झालं होतं. भरकटलेल्या खलाशांना अखेर पर्यटकांच्या एका जहाजानं उचललं. आपण ऑफिसात 'हाय रिस्क प्रोफाइल' वगैरे बोलतो ना, त्याची मला तिथं जरा लाजच वाटली.

सीझन मे ते ऑक्टोबर. गाव कॅथलिक. 1 मे रोजी किनाऱ्यावरच मिस्सा होते, पाद्री होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. पण त्याच्याही आधी कुळांचे जुने विधी उरकलेले असतात आणि दोन्हींत कुणाला विसंगती दिसत नाही. मला सगळ्यात आवडला तो इथला एक नियम. समुद्रावर जाण्याआधी घरातली, भाऊबंदकीतली भांडणं मिटवायची. मन साफ नसेल तर मासा मिळत नाही, उलट अपघात होतो अशी पक्की समजूत आहे.

मी होते त्या पाच दिवसांत 'बालेओ!' ही आरोळी काही ऐकू आली नाही. कुणाला पाण्याचा फवारा दिसला की ही आरोळी घराघरांतून पुढं जाते आणि हातातलं काम टाकून पुरुष किनाऱ्याकडं पळतात. पाचही दिवस होड्या निघायच्या आणि संध्याकाळी थोडे उडणारे मासे घेऊन परतायच्या. खरं सांगायचं तर आत कुठं तरी मला हायसं वाटलं. एखाद्या वर्षी वीसहून जास्त देवमासे मिळतात, एखाद्या वर्षी दोन-चारच. मिळाला की वाटप मात्र काटेकोर. भालेवाल्याचा, खलाशांचा, होडीच्या कुळाचा, सुताराचा, भाला घडवणाऱ्या लोहाराचा वाटा ठरलेला. विधवा आणि अनाथ मुलंही उपाशी राहत नाहीत.

आता कायद्याचं काय? व्यापारी शिकारीवर 1986 पासून आंतरराष्ट्रीय बंदी लागू आहे, पण इंडोनेशिया त्या व्हेलिंग कमिशनचा सदस्यच नाही. शिवाय ही शिकार पोटासाठीची. देशाच्या कायद्यानं देवमासे संरक्षित आहेत, तरी लमालेराकडं सरकार सहसा काणाडोळा करतं. 2014 मध्ये मांटा रे या मोठ्या पाकटावर देशभर पूर्ण बंदी आली आणि इथली खरी पंचाईत झाली, कारण देवमासा नसेल त्या दिवसांत तोच आधार होता. त्याच वर्षी सावू समुद्रात राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. गावानं आधीच एवढा विरोध केला होता, की हा भाग त्यातून वगळावा लागला.

सुधारणा करायलाही लोक येऊन गेले. 1973 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं एका नॉर्वेजियन तज्ज्ञाला इथं आधुनिक शिकार शिकवायला पाठवलं. काही वर्षांत प्रकल्प गुंडाळला गेला. या लोकांनी आपल्या गरजेला आणि रीतीला साजेशी पद्धत स्वतःच घडवली आहे, असा निष्कर्ष निघाला. हे ऐकायला अर्थातच सगळ्यांना आवडतं, मलाही आवडलं. पण गावात विचारलं तर उत्तर इतकं सरळ मिळत नाही.

मामांचा मुलगा पंचविशीचा. कुपांगला अकाउंट्स शिकला आणि परत आलाय, सध्या 'जॉन्सन'वर जातो. मोटरवाल्या होडीला इथं जॉन्सनच म्हणतात, इंजिनच्या ब्रँडवरून. वल्ही मारायला दहा-बारा तगडी माणसं लागतात आणि तेवढी पोरं गावात उरलीच कुठं? कुणी बालीच्या हॉटेलात, कुणी जकार्तात, कुणी पार मलेशियात साबाच्या पाम तेलाच्या मळ्यांवर. इंजिन आलं तसं पेट्रोल आलं, पेट्रोलला रोख पैसा लागतो, आणि वाट्यानं मिळालेल्या मासळीतून तो मिळत नाही. "इथं मला कधी उपाशी झोपावं लागणार नाही," तो म्हणाला, "पण धाकट्या बहिणीची फी व्हेलच्या मांसात कोण घेणार?"

मग त्यानं माझा पगार विचारला. मी सांगितला. मग भाडं विचारलं, शेजारी कोण राहतं ते विचारलं. शेजाऱ्यांचं नाव मला माहीत नाही, यावर तो एवढा हसला की मामा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांचं मत वेगळंच होतं. मुलगा लमाफा झाला तर मान मिळेल, पण त्यांचा स्वतःचा भाऊ समुद्रातून परतला नव्हता. "कुपांगला जा," असं त्या त्याला माझ्यासमोर म्हणाल्या. बाप गप्प बसून दोर वळत राहिला.

शनिवारी मी मामांबरोबर वुलांदोनीच्या बाजाराला गेले. इथं अजून वस्तूंच्या बदल्यात वस्तू असा व्यवहार चालतो. किनाऱ्यावरच्या बायका वाळवलेली मासळी, मीठ आणि चुना आणतात, डोंगरातल्या बायका मका, केळी, रताळी. शिट्टी वाजेपर्यंत हात लावायचा नाही. वाजली की जी गडबड उडते! एका पट्टीला मोजून मक्याची कणसं. मी बॅगेतलं चकलीचं पाकीट पुढं केलं, एका आजींनी खाऊन पाहिली, विचार केला आणि अर्धा डझन केळी दिली. सौदा फायद्याचा होता असं मला अजूनही वाटतं.

जायचं असेल तर बालीहून कुपांग, तिथून लेवोलेबाला छोटं विमान. नाहीतर फ्लोरेसमधल्या लारांतुकाहून फेरीबोट. कॅश बरोबर ठेवा. जेवणात भात आणि मासे, शाकाहारींची परीक्षाच आहे. देवमासे, होड्या आणि पाकटांची नक्षी असलेली इकत लुंगी तिथल्याच बायकांकडून घ्या, घासाघीस न करता, कारण एकीला कित्येक महिने लागतात. मी मामांकडून घेतली. पैसे मोजून त्यांनी तिथल्या तिथं पोरीच्या फीच्या डब्यात टाकले.