नवल

"दादा, ही गाणी बिघडलेली आहेत का रे?"

माझ्या या प्रश्नावर मामेभाऊ इतका हसला, की मामीला स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारावे लागले, "अरे, झालं तरी काय?"

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला मामाकडे गेले होते. दादा तिथे जपानी भाषा शिकतो. एका दुपारी त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि बजावले, "नुसतं ऐक. आधी काही विचारायचं नाही." मी ऐकू लागले. ड्रम, गिटार, सिंथेसायझर यांचे दाट धुके. आणि त्या धुक्यापलीकडून, खोल विहिरीच्या तळातून यावा तसा, एका मुलीचा आवाज. जपानी शब्दांचा अर्थ मला कळणार नव्हताच. पण इथे शब्द सुटेसुद्धा होत नव्हते. मग तो प्रश्न तोंडातून गेला.

"वेडे," दादा म्हणाला, "हीच तक्रार घेऊन जपानमधले लोक कंपनीकडे गेले होते, १९८६ साली! पैसे देऊन तबकडी घेतली आणि गाणारीचा आवाजच ऐकू येत नाही, म्हणून."

त्या गायिकेचे नाव अकिना नाकामोरी. दूरदर्शनवरच्या एका गायनस्पर्धेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा, १९८१ साली, ती निवडली गेली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. १९८२ च्या मे महिन्यात तिची पहिली तबकडी आली आणि बघता बघता ती घराघरांत पोचली. जपानमध्ये अशा कोवळ्या वयाच्या लोकप्रिय गायिकांना 'आयडॉल' म्हणतात. त्यांनी काय गायचे, काय नेसायचे, कसे हसायचे, हे बहुधा दुसरेच ठरवतात. अकिना मात्र हळूहळू आपली वेशभूषा, आपल्या हालचाली स्वतः ठरवू लागली. १९८५ साली तिला जपानचा मोठा ध्वनिमुद्रिका पुरस्कार मिळाला, १९८६ साली पुन्हा मिळाला. त्या दोन पुरस्कारांच्या मधे, १९८६ च्या ऑगस्टमध्ये, तिने स्वतः निर्मिती केलेली ही तबकडी आली : 'फुशिगी'. फुशिगी म्हणजे नवल, गूढ. तेव्हा ती नुकतीच एकवीस वर्षांची झाली होती.

एरवी तबकडी तयार करताना गाणाऱ्याचा आवाज सर्वांच्या पुढे ठेवतात आणि वाद्ये मागे. इथे नेमके उलट केले होते. आवाजाला भरपूर प्रतिध्वनी जोडून तो वाद्यांमध्ये बुडवला होता, जणू तेही एक वाद्यच. युरॉक्स नावाच्या रॉक वाद्यवृंदाची साथ होती. आधी गाजलेले एकही गाणे त्यात नव्हते. तरीही ती तबकडी विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

मला राहून राहून एकच प्रश्न पडला. जिच्या आवाजावर सारा देश लुब्ध होता, तिच्या हाती पहिल्यांदा सगळी सूत्रे आली, आणि तिने काय करावे? तोच आवाज लपवावा?

या प्रश्नाशी माझे एक दुखणे जोडलेले आहे. पाचवीपासून मी वक्तृत्वस्पर्धांत बक्षिसे मिळवत आले. १ ऑगस्टला टिळक, २ ऑक्टोबरला गांधीजी. 'अध्यक्षमहाशय, पूज्य गुरुजनवर्ग' म्हटले की माझा आवाज खणखणीत निघे. भाषणे मात्र बाबा लिहून देत. कुठे थांबायचे, कुठे हात उंचावायचा, हेसुद्धा समासात लिहिलेले असे. 'फुशिगी'मध्ये 'मॅरिओनेट' नावाचे एक गाणे आहे. मॅरिओनेट म्हणजे कळसूत्री बाहुली, असे दादाने सांगितले तेव्हा मी खिडकीबाहेर पाहू लागले.

गेल्या वर्षी मी हट्टाने माझे भाषण स्वतः लिहिले. विषय होता 'मला घडवणारी स्त्री'. मी आजीबद्दल लिहिले. आजी जन्मभर हळू बोलली. मीही हळू बोलले. दुसऱ्याच मिनिटाला मागच्या बाकांवरून आरोळी आली, "आवाऽऽज!" सभागृह हसले. बक्षीस मिळाले नाही. घरी आल्यावर बाबा एवढेच म्हणाले, "मी लिहून दिलं असतं ना."

'फुशिगी' ऐकल्यावर पहिले काही दिवस मी मनाशी खूश होते. वाटले, माझेही तसेच झाले. लोकांना कळले नाही, एवढेच! पण ही पळवाट फार दिवस टिकली नाही. अकिनाने आवाज लपवला तो गाता येत होते म्हणून, जाणूनबुजून, तक्रारी होतील ही जोखीम पत्करून. माझा आवाज खाली गेला तो आजीमुळे थोडा आणि भीतीमुळे फार. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटेल. ते वेगळे आहेत, हे माझे मलाच ठाऊक.

पुढे १९८८ साली अकिनाने 'वंडर' नावाची एक छोटी तबकडी काढली. तिच्यात 'फुशिगी'तलीच गाणी नव्या बांधणीने, आवाज पुढे आणून दिली आहेत. दादाने तीही ऐकवली. सुरेख आहे, स्वच्छ आहे. तरी मी पुन्हा पुन्हा धुक्यातल्या त्या आवाजाकडेच जाते. तो ऐकण्यासाठी आपल्यालाच थोडे पुढे झुकावे लागते. आजीचे बोलणे ऐकताना आम्ही असेच झुकत असू.

यंदाच्या स्पर्धेसाठी आजीवरचे तेच भाषण मी पुन्हा लिहिले आहे. रोज संध्याकाळी गच्चीवर मोठ्याने म्हणते, मग हळू म्हणते. परवा ते बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून वाचले, एका शब्दाची वेलांटी सुधारली आणि कागद परत दिला.

"मागच्या बाकापर्यंत पोचव मात्र," ते म्हणाले.

मी मान हलवली. पण कसे पोचवायचे, ते मी ठरवणार आहे.

(द्वितीय वर्ष, कला)