आमची गाडी आणि बाबांचं फडकं

घरची गाडी एकदा उन्हात उभी करून नीट बघा. रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोल ओरखडे दिसतील.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीजवळ आहे. इथे कोळशाचे ट्रक दिवसभर धावतात, त्यामुळे गाडीवर धूळ बसतेच. बाबा रोज सकाळी ती कोरड्या फडक्यानं पुसायचे. एक दिवस म्हणाले, “एवढी जपतो, तरी ओरखडे काहून पडले?”

कारण त्या फडक्यातच होतं. हे बाबांना सांगणं मला जड गेलं. रंगावर एक पारदर्शक थर असतो, साधारणपणे केसापेक्षाही पातळ. धुळीतले कठीण कण कोरडेच घासले की त्यावर ओरखडे उठतात. पॉलिशनं ते जातात, पण थरही थोडा झिजतो. म्हणून पॉलिश वारंवार करू नये.

आता आम्ही सावलीत आधी नुसत्या पाण्यानं धूळ उतरवतो. मग गाडीच्या शाम्पूनं धुतो, मायक्रोफायबर कापडानं पाणी टिपतो आणि ऊन-धुळीपासून बचावासाठी वॅक्स लावतो.

बाबा आता रोज पुसत नाहीत, आठवड्यातून एकदाच धुतात. माया तेव्हाही होती, आता तिला माहितीची जोड मिळाली.